संगणकावरची चलवीणा

संगणकावर वाजणाऱ्या वाद्याचे, म्हणजे ज्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात त्याचे, परीक्षण साहित्यसंस्थेच्या अंकात येणे काही वाचकांना अस्थानी वाटेल. परंतु ग्रंथाला जशी भूमिका असते तशी वाद्यालाही असते. ग्रंथकार आपली भूमिका प्रस्तावनेत सांगतो. वाद्य ती सांगत नाही, आपल्याला न विचारता अमलात आणते. शासकीय अर्जात एखादा रकाना रिकामा सोडला की अमुक पर्याय मान्य आहे असे समजले जाते, तसाच हा प्रकार आहे. सिंथेसायझर उघडून पट्ट्या दाबल्या की जे बारा स्वर ऐकू येतात, ते सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून काढलेले असतात. हा पर्याय कोणीतरी आपल्या वतीने निवडलेला असतो. तो बदलण्याची सोय आता पुष्कळ सिंथेसायझरांत मिळते. परंतु वापरणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

या सोयीचे मोल काय आणि तिची मर्यादा कोठे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो केवळ हौशी तंत्रज्ञांचा नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा गावांतील मराठी घरांत मूल गाणे शिकू लागले की पूर्वी पेटी येत असे. आता की-बोर्ड येतो किंवा संगणकच पेटीचे काम करतो. त्या मुलाचा कान कोणत्या गंधारावर घडतो, हे ठरवण्याचा अधिकार आपण कोणाकडे सोपवला आहे, असा हा प्रश्न आहे.

चर्चेसाठी ‘सर्ज एक्सटी’ हे एकच वाद्य घेतो. ते विनामूल्य आहे. मूळ ‘सर्ज’ची आज्ञावली तिच्या कर्त्याने २०१८ साली सर्वांसाठी खुली केली आणि स्वयंसेवकांनी ती वाढवून २०२२ साली ‘सर्ज एक्सटी’ प्रसिद्ध केली. त्यात स्वरांची जुळवणी दोन छोट्या फाइलींनी ठरते. पहिली एससीएल. हा प्रघात ‘स्काला’ या प्रणालीने पाडला. तिचे कर्ते नेदरलँडचे मॅन्युएल ओप द कौल. या फाइलीत आधी सप्तकाचे नाव, मग स्वरांची संख्या आणि त्यानंतर एका ओळीवर एक याप्रमाणे स्वर लिहायचे असतात. स्वर गुणोत्तराने लिहिता येतो किंवा सेंट या मापाने. सेंट हे माप अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने १८८० च्या दशकात रूढ केले. त्यात सप्तकाचे १२०० भाग मानतात आणि समविभाजित सप्तकातला प्रत्येक अर्धस्वर १०० सेंटचा होतो. आकड्यात दशांशचिन्ह असेल तर तो सेंट समजला जातो, नसेल तर गुणोत्तर. बिंदू विसरून नुसते ४०० लिहिले तर वाद्य त्याचा अर्थ मूळ स्वराच्या चारशेपट असा घेते!

आपल्या परिचयाचे सप्तक या फाइलीत असे लिहिता येईल: कोमल रिषभ १६/१५, शुद्ध रिषभ ९/८, कोमल गंधार ६/५, शुद्ध गंधार ५/४, मध्यम ४/३, तीव्र मध्यम ४५/३२, पंचम ३/२, कोमल धैवत ८/५, शुद्ध धैवत ५/३, कोमल निषाद १६/९, शुद्ध निषाद १५/८ आणि शेवटी तार षड्ज २/१. या यादीत मध्य षड्ज नाही. तो लिहायचाच नसतो, गृहीत असतो. बाकीच्या साऱ्या स्वरांना त्याच्या नात्यानेच अस्तित्व मिळते. तंबोऱ्यासमोर बसून गाणाऱ्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. परक्या देशात, वेगळ्या गरजेतून तयार झालेल्या या फाइलीच्या रचनेत आपल्या संगीताचे एक मूलतत्त्व असे सहज येऊन बसले आहे, याचे मला अप्रूप वाटते.

आता या दोन सप्तकांत फरक तो किती? पंचमात जवळजवळ नाही. ३/२ चा पंचम ७०२ सेंटला साडेचार शतांश कमी इतक्यावर येतो, समविभाजित पंचम ७०० वर. दोन सेंटांचा फरक सहसा कोणाला बोचत नाही. गंधाराची गोष्ट वेगळी. ५/४ चा गंधार ३८६.३ सेंटवर असतो आणि समविभाजित गंधार ४०० वर, म्हणजे जवळजवळ चौदा सेंट चढलेला. हा आकडा कानाच्या भाषेत आणून पाहू. संगीतशास्त्राच्या पुस्तकांतील प्रघाताप्रमाणे षड्जाची आंदोलनसंख्या २४० धरली, तर ५/४ चा गंधार ३०० होतो आणि समविभाजित गंधार सुमारे ३०२.४. तंबोऱ्याच्या तारेत मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट आंदोलनांचे उपस्वर निनादत असतात. षड्जाचा पाचपट उपस्वर १२०० आंदोलनांचा. ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो तो हाच. ३०० आंदोलनांच्या गंधाराचा चौपट उपस्वरही १२०० आंदोलनांचाच असल्याने दोन्ही एकमेकांत विरून जातात. समविभाजित गंधाराचा चौपट उपस्वर मात्र १२०९.५ वर पडतो, आणि दोहोंच्या झगड्यातून दर सेकंदाला नऊ-साडेनऊ हेलकावे उत्पन्न होतात. स्वर लागला की तंबोरा शांत होतो असे गवई म्हणतात, त्याचे हे भौतिक रूप. पंचमाच्या बाबतीत हेच हेलकावे सेकंदाला एकसुद्धा पुरा होत नाहीत. तेव्हा पेटीबद्दलची जुनी तक्रार केवळ अभिनिवेशाची नव्हती. परंतु ती सगळ्या स्वरांना सारखी लागू नव्हती, हेही तितकेच खरे.

समविभाजित सप्तकाला पाश्चात्त्यांचे पाप समजण्याची रीतही सोडून द्यावी. त्याचे नेमके गणित चीनमध्ये झू झाईयू याने १५८४ सालीच मांडले होते. युरोपात या तडजोडीची गरज पडली ती अनेक स्वर एकाच वेळी वाजवण्याच्या आणि एकाच वाद्यावर षड्ज वारंवार बदलण्याच्या हौसेपायी, आणि तेथेही ती बिनविरोध स्वीकारली गेली नाही. सिंथेसायझरांच्या यादीत ‘मीनटोन’ नावाची जी जुनी युरोपीय जुळवणी आढळते, तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रकारात गंधार नेमका ३८६.३ सेंटवर ठेवलेला असतो आणि त्याची किंमत म्हणून पंचम साडेपाच सेंटांच्या आसपास उतरवलेला असतो. म्हणजे शुद्ध गंधाराची ओढ आपल्याच कानाला होती असे नाही. आपण पंचम सोडला नसता, त्यांनी सोडला. कारण आपल्याला तंबोरा सोडायचा नव्हता.

दुसऱ्या फाइलीचे नाव केबीएम. सप्तक कोणत्या पट्टीपासून मोजायचे आणि त्या पट्टीची आंदोलनसंख्या किती, हे ती सांगते. ती दिली नाही तर वाद्य षड्ज पांढरी एकमध्ये आहे असे धरून चालते. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. वर दिलेले सप्तक बसवले, केबीएमला हात लावला नाही आणि गाणारी मुलगी काळी दोनमध्ये गात असेल, तर तिचा षड्ज यादीतल्या कोमल गंधाराच्या जागी येतो आणि पंचम कोमल निषादाच्या जागी. या दोहोंतले अंतर ३/२ नसून ४०/२७ आहे, सेंटांत ६८०.४. म्हणजे पंचम साडेएकवीस सेंट उतरला, आणि त्याच्याबरोबर रिषभही तितकाच. ज्या समविभाजित सप्तकाला नावे ठेवून ही खटपट केली, त्याचा पंचम दोन सेंटांनी चुकत होता. आता त्याच्या दहापट चुकतो आहे. अर्धवट केलेली सुधारणा मूळ दोषापेक्षा महाग पडते ती अशी. आपल्याकडे ज्याला गांधार ट्यूनिंगची पेटी म्हणतात, तिची अडचणही हीच होती. ती एकाच पट्टीत गोड वाजते. गायक बदलला की दुसरी पेटी हवी. संगणकात पेटी बदलावी लागत नाही, केबीएममधला एक आकडा बदलावा लागतो. ही सोय लहान नाही. परंतु तो आकडा बदलला पाहिजे हे शिकवणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

या प्रश्नाला आपल्याकडे शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यासाठीच्या प्रयोगांत त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाचे साह्य मिळाले. ई. क्लेमंट्स हे सनदी नोकरीतले न्यायाधीश. १९१३ साली त्यांनीही भारतीय संगीतावर ग्रंथ लिहिला. सरकारी नोकरांना श्रुतींचा नाद लागण्याची परंपरा तेव्हापासूनची, असे म्हणायला हरकत नाही. या दोघांच्या खटपटीतून श्रुती हार्मोनियम तयार झाली. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी विद्वानांपुढे आली. तिच्यावर कसून वाद झाला, भातखंडे तिच्या विरोधात राहिले, आणि गवयांच्या व्यवहारात ती पुढे कधी रुळली नाही. नंतर १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवरच बंदी घातली. ती अंशतः सैल झाली १९७१ साली. तीन दशके शिक्षा पेटीला झाली. तिच्या जुळवणीची चौकशी मात्र झाली नाही. तेवढ्या काळात रेडिओबाहेरच्या मैफली पेटीवरच रंगत राहिल्या. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध करून तो जुना धागा पुन्हा हाती घेतला.

देवल-क्लेमंट्स यांच्या पेटीवर दोन वेगवेगळे आक्षेप संभवत होते, आणि वादाच्या गर्दीत ते एकमेकांत मिसळले गेले. पहिला असा की, तुम्ही श्रुतींच्या ज्या जागा ठरवल्या त्या चुकीच्या आहेत. दुसरा असा की, श्रुतीला अशी ठरलेली जागाच नसते. सॉफ्टवेअर सिंथेसायझरने पहिल्या आक्षेपाची धार पार घालवली. जागा पटत नसेल तर आकडा बदला. इंग्लंडहून नवी पेटी मागवायला नको. दुसरा आक्षेप मात्र जसाच्या तसा उभा आहे, आणि माझ्या मते या वाद्याची खरी कसोटी तेथेच लागते.

‘स्काला’च्या संग्रहात जगभरची पाच हजारांहून अधिक सप्तके आहेत. भारताच्या नावाचीही बरीच आहेत आणि त्यांत बावीस श्रुतींची यादीही आहे. ती बसवली की सप्तकात बावीस पट्ट्या येतात आणि भरताचे संगीत घरी आल्याचा आनंद होतो. तो आनंद तपासून घ्यावा. भरताने बावीस श्रुती सांगितल्या, पण त्यांचे आकडे दिले नाहीत. आकडे आपण दिले, आणि प्रत्येक अभ्यासकाने आपापले दिले. भरताने दिली ती रीत. दोन वीणा सारख्या जुळवायच्या. एक ध्रुव, म्हणजे तिला हात लावायचा नाही, आणि दुसरी चल. चलवीणेचा पंचम थोडा उतरवायचा, त्या मापाने तिचे इतर स्वर उतरवायचे आणि प्रत्येक पायरीला ध्रुववीणेशी ताडून पाहायचे. दुसऱ्या सारणेत चलवीणेचे गंधार-निषाद ध्रुववीणेच्या ऋषभ-धैवतात मिळतात, तिसरीत ऋषभ-धैवत षड्ज-पंचमात, आणि चौथीत उरलेले तीन स्वर आपापल्या खालच्या स्वरांत. साऱ्या प्रयोगात संख्या एकच, ती मोजणीची. बाकी निवाडा कानाचा. ज्या ग्रंथाचा आधार घेऊन आपण संगणकात आकडे भरतो, त्या ग्रंथाने कानावर भरवसा ठेवला होता.

प्रत्यक्ष मोजमापांनीही याला पुष्टीच दिली आहे. नाझिर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी १९६३ साली आणि मार्क लेव्ही यांनी १९८२ साली उत्तर हिंदुस्तानी कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांतून दिसते ते असे, की एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच वादनात वा गायनात नेहमी एकाच बिंदूवर उभा नसतो. तो ठरलेल्या गुणोत्तरावर खिळलेला नसतो, तसा समविभाजित जागेवरही नसतो. याचा अर्थ कलावंत बेसूर होते असा नाही. स्वर ही जागा नसून जागेकडे जाण्याची आणि तेथून निघण्याची रीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

याचा पडताळा घरीही घेता येतो. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच. देशकाराचा धैवत भूपापेक्षा चढा, असे काही शास्त्रकार मानतात. गुणोत्तरांत मांडायचे तर भूपाला ५/३ चा आणि देशकाराला २७/१६ चा. दोहोंत अंतर साडेएकवीस सेंटांचे. संगणकात दोन्ही धैवत बसवून ऐकावेत, फरक स्पष्ट कळतो. मग दोन्ही रागांना मुद्दाम एकच धैवत द्यावा आणि भूप गंधारावर रेंगाळत, देशकार धैवतावर ठाण मांडून उत्तरांगात वाजवावा. माझ्या कानाला दोन्ही राग तरीही वेगळेच राहतात. श्रुतीचा फरक रागाचे लावण्य वाढवत असेल. रागाची ओळख मात्र त्याच्या चालण्यातून पटते. उलट, धैवत कितीही अचूक बसवला तरी चाल भूपाची असेल तर देशकार उभा राहत नाही.

मग मींडेचे काय? पट्टीच्या वाद्यात मींड नाही, ही पेटीवरची शेवटची आणि सर्वांत वजनदार तक्रार. सिंथेसायझरपाशी स्वर खेचण्याचे चाक असते, आणि त्याच्या पूर्ण फेऱ्याच्या मिडी पद्धतीने १६,३८४ पायऱ्या पाडलेल्या असतात. नेहमीची दोन अर्धस्वर वर आणि दोन खाली ही मर्यादा धरली, तर एक पायरी सेंटाच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी होते. एवढा सूक्ष्म फरक कोणाचाच कान ओळखू शकणार नाही. तेव्हा दरबारीच्या कोमल गंधाराचे आंदोलन यंत्राला जमणार नाही, हे आता म्हणता येत नाही. ते हाताला जमते का, एवढेच उरते.

या संदर्भात ‘सर्ज’मधला एक पर्याय फार बोलका आहे. जुळवणी पट्टी दाबतानाच लागू करावी की स्वर खेचून झाल्यावर, असे तो विचारतो. पहिला पर्याय घेतला तर पट्ट्या आपल्या सप्तकाच्या, पण मींड समविभाजित मापाची. वरच्या सप्तकात शुद्ध रिषभ २०३.९ सेंटवर आहे. तेथून चाक पुरते फिरवले की स्वर आणखी २०० सेंट चढून ४०३.९ वर जातो, आणि गंधार तर ३८६.३ वर आहे. मींड गंधाराच्या साडेसतरा सेंट पुढे जाऊन थांबते. दुसरा पर्याय घेतला तर तेच चाक बरोबर गंधारावर पोचते, कारण मींडही आपल्याच सप्तकाच्या पायऱ्यांनी मोजली जाते. बाहेरून दोन्ही वाद्ये एकाच जुळवणीची दिसतील. एकात आपले स्वर आहेत आणि चाल परक्याची. दुसऱ्यात चालही आपली. हा फरक ज्यांना सुचला त्या कार्यकर्त्यांना दाद दिली पाहिजे. अशा विचाराला आता इतरत्रही चालना मिळाली आहे. ख्याम अल्लामी या इराकी वंशाच्या संगीतकाराने २०२१ साली ‘लेइम्मा’ आणि ‘अपोटोम’ ही साधने याच तक्रारीतून खुली केली, की संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जगातील एकाच परंपरेचे स्वर गृहीत धरलेले असतात. आणि ‘एबलटन लाइव्ह’ या व्यावसायिक प्रणालीनेही २०२४ साली आपल्या बाराव्या आवृत्तीत जुळवणीची सोय आणली.

दोष सांगायचे तर दोन ठळक आहेत. एका पट्टीला एकच स्वर, हा नियम या वाद्याने मोडलेला नाही. आरोहातला निषाद आणि अवरोहातला निषाद यांत तफावत ठेवायची असेल तर ती चाकाने, हातानेच साधावी लागते. दुसरा दोष अधिक गंभीर. पडद्यावर दशांशचिन्हानंतर तीन-तीन आकडे दिसले की मत आणि सिद्धान्त यांतला फरक पुसला जातो. ‘भारतीय श्रुती’ असे नाव दिलेली फाइल ही कोणा एका अभ्यासकाची मांडणी असते, साऱ्या परंपरेचा कौल नव्हे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कर्त्याचे नाव असते म्हणून आपण त्याच्याशी वाद घालू शकतो. फाइलीशी वाद घालण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही.

म्हणून माझे मत असे की, जुळवणीचे हे पटल निवाड्यासाठी वापरू नये, तुलनेसाठी वापरावे. संगणकात एकच वाद्य दोनदा उघडता येते. एकाची जुळवणी कायम ठेवावी, ती ध्रुववीणा. दुसऱ्याचा एक-एक स्वर हलवून पाहावा, ती चलवीणा. शिकणाऱ्या मुलाला आधी तंबोऱ्यावर षड्ज-पंचम ऐकवावा, त्याच्या पट्टीप्रमाणे केबीएम लावून द्यावी, मग त्याच षड्जाशी ४०० सेंटचा आणि ३८६ सेंटचा गंधार आळीपाळीने लावून कोणता तंबोऱ्यात विरतो एवढेच विचारावे. आकडे त्याला सांगू नयेत. त्याने योग्य गंधार ओळखला की संगणक बंद करावा, आणि तोच गंधार गळ्यातून काढायला सांगावे.